सारथी आणि यंत्र

ज्या मोटारी आपल्यापैकीं बहुतेकांच्या दृष्टीसही पडावयाच्या नाहींत, त्यांचा विचार कां करावा, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, अशा दुर्मिळ यंत्रांत अभियंत्याचा विचार काटकसरीच्या बंधनावांचून प्रकट होतो.

जर्मनीची पोर्शे ९५९ आणि इटलीची फेरारी एफ ४० ह्या अशा दोन मोटारी. दोहोंचा उगम 'ग्रूप बी' नामक शर्यतींसाठीं आरंभिलेल्या कामांत आहे. प्राणघातक अपघातांमुळें रॅलीचा तो वर्ग १९८६ अखेर बंद झाला. परंतु १९८७ सालीं ह्या मोटारी सामान्य रस्त्यांसाठीं पुढें आल्या.

दोन्हींचीं इंजिनें तीन लिटरहून लहान, आणि प्रत्येकास दोन टर्बो. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरानें टर्बोचें चक्र फिरतें आणि बाहेरची हवा दाबून आंत भरतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ति अधिक. मात्र इंजिन मंद फिरत असतां वायूचा झोत क्षीण असतो. चालकानें पाय दाबला तरी शक्ति क्षणभर येत नाहीं, आणि मग एकदम उसळते.

पोर्शेनें ही खोड यंत्रानेंच आवरली. मंद गतींत सर्व वायु एकाच टर्बोकडे जाई. गति वाढली कीं दुसरा त्यास येऊन मिळे. शक्ति चारही चाकांना मिळे, आणि पुढच्या-मागच्या चाकांत तिची वांटणी विद्युत्-यंत्रणा करी. ब्रेक दाबल्यावर चाकें अडकून घसरूं नयेत अशी योजना होती. टायरांतील हवा कमी झाल्यास सूचना मिळे. ह्या सर्व साहित्यासह वजन सुमारें १४५० किलो भरलें.

फेरारीनें वजनच उतरविलें. अंग कार्बन-तंतु आणि केव्हलार यांचें. गालिचा नाहीं, दार आंतून उघडण्यास साधी दोरी, आणि रेडिओ तर नाहींच! कोरडें वजन सुमारें ११०० किलो. ४७८ अश्वशक्ति केवळ मागच्या चाकांना. सुकाणू किंवा ब्रेक यांस यंत्राचें साह्य नाहीं. उसळणारी शक्ति चालकानेंच सांभाळावी.

इतकें असून कमाल वेगांत फरक थोडा : पोर्शेचा ताशीं सुमारें ३१७ किलोमीटर, फेरारीचा ३२४. खरा भेद जबाबदारीचा आहे. एकींत सारथ्याची चूक यंत्र कांहीं अंशीं सांवरून घेतें. दुसरींत ती त्याच्याच पदरांत पडते.

कौटुंबिक मोटारींनीं पोर्शेचा मार्ग स्वीकारला, हें उचितच झालें. चाकें अडकूं न देणारी ब्रेकची योजना भारतांतही २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची आहे. रस्त्यावर लेंकरूं आडवें आलें असतां चालकाच्या कौशल्यावरच भिस्त ठेवणें परवडत नाहीं. पण फेरारीचा धडाही विसरूं नये. प्रत्येक उणा किलो थांबणें, वळणें आणि इंधन या तिहींचा भार हलका करतो. आणि जड बॅटऱ्या वाहणाऱ्या आजच्या विजेच्या मोटारींना त्याचीच अधिक गरज आहे.