पाण्याची पारख : भाग ५ – तरणतलाव आणि स्पा

घरच्या तरणतलावाचे पाणी नितळ दिसले, तरी ते निर्जंतुक असेलच असे नाही. ऑस्ट्रेलियाने याची किंमत मोजली आहे. ॲडलेडच्या बालरुग्णालयातील माल्कम फाउलर आणि आर. एफ. कार्टर यांनी १९६५ मध्ये एका जीवघेण्या मेंदूज्वराची नोंद केली. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून तो घडवतो. पुढे या अमीबाला नेग्लेरिया फाउलेरी हे नाव मिळाले. पाण्यात पुरेसे क्लोरीन सतत राखले, तर तो तग धरत नाही. म्हणूनच तपासणी नियमित हवी.

नमुना घेताना बाटली तलावाच्याच पाण्याने विसळावी. मग ती उलटी धरून हात कोपरापर्यंत बुडवावा आणि तिथे ती सुलटी करून भरावी. गाळलेले पाणी तलावात परत येते, त्या तोंडाजवळचा नमुना घेऊ नये. उन्हात क्लोरीन झपाट्याने घटते, म्हणून तपासणी लगेच करावी.

क्लोरीनसाठी डीपीडीची गोळी वापरतात. नळीतल्या १० मिलिलिटर पाण्यात पहिली गोळी चुरडली की पाणी गुलाबी होते. रंगपट्टीशी ताडून मुक्त क्लोरीन कळते. घरच्या तलावात ते साधारण लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावे. उन्हापासून क्लोरीन वाचवणारा स्थिरक घातलेल्या तलावात थोडे अधिक. त्याच नळीत पुढची गोळी टाकून दोन मिनिटांनी एकूण क्लोरीन मोजतात. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. घाम आणि लघवीशी संयोग होऊन ते तयार होते. तलावाचा उग्र वास बहुधा याचाच असतो, भरपूर क्लोरीनचा नव्हे. क्लोरीन फारच जास्त असेल, तर गुलाबी रंग क्षणभर उमटून उडतो आणि पाण्यात क्लोरीनच नाही असे वाटते. अशा वेळी नमुन्यात तितकेच ऊर्ध्वपातित पाणी मिसळून पुन्हा मोजावे आणि आलेला आकडा दुप्पट धरावा.

क्लोरीनच्या आकड्याला अर्थ येतो तो पीएचमुळे. स्थिरक नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग प्रभावी जंतुनाशक रूपात असतो. पीएच ८ झाला की जेमतेम चौथा हिस्सा उरतो. फिनॉल रेडच्या चाचणीत पिवळा रंग आम्लता दाखवतो, तर लाल रंग अल्कता. पीएच ७.२ ते ७.६ दरम्यान राखणे चांगले. ऑस्ट्रेलियातील अनेक तलावांत मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन तयार करतात; अशा पाण्याचा पीएच हळूहळू चढतो. तो उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही.

वर आलेला स्थिरक म्हणजे सायन्युरिक आम्ल. ते लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम पुरते. तपासणीत पाणी गढूळ होते. तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते नळीत ओततात आणि पातळीवरचा आकडा वाचतात. स्थिरक वाढला की क्लोरीनची धार बोथट होते. तो उन्हाने उडून जात नाही. थोडे पाणी काढून नवे भरावे लागते.

स्पामध्ये पाणी थोडे आणि गरम, त्यामुळे क्लोरीन लवकर संपते आणि त्वचेवर पुरळ आणणारे स्यूडोमोनास जिवाणू वाढू शकतात. तिथे लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम क्लोरीन राखावे आणि प्रत्येक वापरापूर्वी तपासावे. दुरुस्ती करताना आधी एकूण अल्कता लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅमवर आणावी, कारण तीच पीएच स्थिर ठेवते. त्यानंतर पीएच आणि शेवटी क्लोरीन जुळवावे. प्रत्येक रसायन वेगळे घालावे, पंप चालू ठेवावा आणि पाणी नीट मिसळल्यावर पुन्हा मोजूनच तलावात उतरावे.