योग झाला, क्षेमाचें काय?

'योगक्षेम' हा शब्द आपल्या तोंडीं सहज येतो; परंतु त्यांत दोन निराळ्या गोष्टी आहेत, इकडे लक्ष क्वचितच जातें. जें जवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें त्याचें रक्षण करणें तें क्षेम. विद्येच्या प्रांतांत आज योगास दाते पुष्कळ भेटतात. क्षेमास मात्र वाली सांपडत नाहीं. जुन्या पोथ्यांच्या व वस्तूंच्या नोंदी ठेवण्याचे जे सामाईक नियम आहेत, त्यांची स्थिति याचें उत्तम उदाहरण होय.

हे नियम हवेत कशाला? श्रीज्ञानेश्वरांचा ग्रंथच घ्या. एका यादींत तो 'ज्ञानेश्वरी' म्हणून लिहिलेला असेल, दुसरींत 'भावार्थदीपिका' म्हणून, तिसरींत 'ज्ञानदेवी' म्हणून. रचनेचा काल एक यादीकार शके १२१२ असा देईल, दुसरा इ. स. १२९० असा. जाणता वाचक यांतील ऐक्य ओळखतो. संगणकास तें कोणीतरी आधीं सांगून ठेवावें लागतें. नाहीं तर त्याच्या लेखीं हे तीन ग्रंथ व दोन काल. म्हणून कोणत्या रकान्यांत काय लिहावें, एका ग्रंथाचीं अनेक नांवें एकत्र कशीं बांधावीं, शक व सन यांचा मेळ कसा घालावा, याविषयीं सर्व संग्रहांनीं एकच संकेत पाळणें अवश्य ठरतें. तसें झालें तरच पुण्यांतील पोथीची परदेशीं गेलेली भावंडें अभ्यासकास एका ठिकाणीं दिसतील.

बरें, हे नियम एकदां करून ठेवले म्हणजे भागलें, असेंही नाहीं. पाणिनीचीं सूत्रें सिद्ध झाल्यावरही कात्यायनास वार्तिकें लिहावीं लागलीं आणि त्यानंतर पतंजलीस महाभाष्य रचावें लागलें. भाषा जिवंत, तसें ज्ञानही जिवंत. आपली मोडी लिपि युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत आली ती २०१४ सालीं. अशी भर पडत जाते, जुनी वर्गवारी अपुरी पडते, शंका निघतात. त्यांचा निर्णय देणारीं माणसें नेहमीं असावीं लागतात आणि त्या माणसांस वेतन लागतें.

पाश्चात्य देशांतील अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. जुन्या ग्रंथांचा पाठ संगणकांत कसा लिहावा हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंतील व्हॅसर महाविद्यालयांत नोव्हेंबर १९८७ मध्यें विद्वानांची सभा भरली. तींतून 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' हा उद्योग निघाला व १९९४ सालीं त्याचा मोठा नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. हें काम अनुदानांवर चाललें होतें, आणि अनुदानास अंत असतो. तेव्हां बर्गेन, ब्राऊन, ऑक्सफर्ड व व्हर्जिनिया या चार विद्यापीठांच्या आश्रयानें डिसेंबर २००० मध्यें सभासदांचें एक मंडळ स्थापन झालें. सभासद संस्था वार्षिक वर्गणी देतात व तींतून नियमांची वेळोवेळीं दुरुस्ती होते. अडचण एवढीच कीं, नियम सर्वांस विनामूल्य खुले आहेत. वर्गणी न देणाराही ते वापरूं शकतो. गांवच्या विहिरीचें पाणी सर्वांनीं भरावें आणि गाळ काढण्याच्या दिवशीं मोजक्यांनींच यावें, तसा हा प्रकार.

दुसरें उदाहरण ब्रिटनमधील. तेथें १९९६ सालीं 'आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज डेटा सर्व्हिस' ही संस्था निघाली. विद्वानांची संगणकीय सामग्री जतन करणें व ती कोणत्या पद्धतीनें रचावी याची सल्लामसलत देणें, हें तिचें काम. २००८ च्या मार्चअखेर तिचें अनुदान थांबलें व संस्था मोडली. तिची यॉर्क येथील पुरातत्त्व-शाखा मात्र टिकली. ती सामग्री स्वीकारतांनाच पुढील जतनाचा खर्च एकरकमी आकारते.

स्थायी द्रव्याची ही कल्पना आपणांस परकी नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें अठराएकोणीसशें वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. त्यानें भिक्षूंस लेणें दिलें. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. ३,००० कार्षापण त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले; २,००० दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि १,००० पाऊण व्याजानें. मूळ धनास हात लावावयाचा नाहीं, व्याज तेवढें खावयाचें. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज २४०. त्यांतून वीस भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकीं बारा. या ठेवीचें नांव 'अक्षयनीवि'. लेणें हा योग, नीवि हें क्षेम. दात्यानें दोन्ही एकाच वेळीं सिद्ध केलीं.

आपल्या देशांत २००३ सालीं हस्तलिखितांसाठीं राष्ट्रीय योजना निघाली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व नोंद करण्याचा संकल्प जाहीर झाला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु एवढ्या नोंदी ज्या संकेतावर उभ्या राहणार, त्या संकेताच्या निगेस पंचवीस वर्षांनंतर पैसा कोठून येईल, हें आजच ठरलें पाहिजे. संकेत विसकटला कीं नोंद असूनही पोथी हरवते. माळ्यावर पडलेली पोथी निदान हातीं तरी लागते; चुकीच्या नांवाखालीं दडलेली लागत नाहीं.

घरोघरच्या वाचकांनींही यांत कांहीं करण्यासारखें आहे. वाडवडिलांच्या पोथ्या संस्थेस देतांना, "यांची नोंद कोणत्या नियमानें होईल आणि ती पुढें कोण सांभाळील?" असें विचारावें. देणगी इमारतीस किंवा कपाटास देतांना तिचा कांहीं भाग मूळ धन म्हणून राखून ठेवण्यास सांगावें. महागाई वाढते, म्हणून व्याजाचाही थोडा अंश मुद्दलांत टाकण्याची अट घालावी. संस्थांनींही सामाईक नियमांच्या निगेची वर्गणी दिवाबत्तीच्या खर्चाप्रमाणें दरवर्षींच्या अंदाजपत्रकांत धरावी. अशा देणगीची संगमरवरी पाटी कोठें लागणार नाहीं, हें खरें. परंतु नातवंडांस आजोबांची पोथी सांपडेल, ती तिच्यामुळेंच.