पूर ओसरल्यावर मुलांच्या मनाचे काय?

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेल्या महापुराने बडोद्याच्या अनेक वस्त्या जलमय केल्या. नदीतील मगरी रस्त्यांवर आल्या. यथावकाश पाणी उतरले, चिखल उपसला गेला, भिजलेल्या गाद्या गच्चीवर वाळू लागल्या. संकट टळले, असे वडीलधाऱ्यांस वाटले. परंतु मुलांच्या मनातील पूर इतक्या लवकर ओसरत नाही.

मुले भीती शब्दांनी क्वचितच सांगतात. ती त्यांच्या वागण्यातून प्रकट होते. सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होते, आभाळ दाटताच पोट दुखू लागते, आईचा पदर सुटत नाही. थोडी मोठी मुले विनाकारण चिडतात किंवा अबोल होतात. हा हट्ट नव्हे. रागे भरल्याने भीती जात नाही, ती लपते. आपल्याच खोडीमुळे हे घडले, असेही लहानग्यांस वाटते. तसे नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

"आता पूर कधीच येणार नाही," असे मात्र सांगू नये. बडोद्याने २०१९ सालीही पूर पाहिला होता. पुढचा पावसाळा आपला शब्द खोटा पाडील आणि मुलाचा आपल्यावरील विश्वास डळमळेल. त्याऐवजी, "पाणी पुन्हा चढेलही, पण आपण वेळीच वरच्या मजल्यावर जाऊ," असे म्हणावे. मग कंदील, औषधे व वह्या-पुस्तके कोठे ठेवायची, हे मुलांकडूनच ठरवून घ्यावे. हाताला काम मिळाले की मनाला धीर येतो.

मुले पुराचाच खेळ पुनःपुन्हा खेळत असतील, तर खेळू द्यावीत. तेच त्यांचे बोलणे होय. दूरदर्शनवरील पुराची दृश्ये मात्र वारंवार दाखवू नयेत. जेवण, झोप, शाळा व सायंकाळचा दिवा यांच्या वेळा शक्य तितक्या लवकर पूर्ववत कराव्यात. त्या वर्षी ७ सप्टेंबरलाच गणेशचतुर्थी आली. भिंतींची ओल गेली नसली, तरी अशा वेळी मुलांनी केलेली साधीशी आरास घर पुन्हा आपले झाल्याची ग्वाही देते.

बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप, भूक वा अभ्यास रुळावर येत नसेल, तर संकोच न करता मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. घर कोरडे करताना मुलाचे मनही कोरडे करावयाचे आहे, याचा विसर पडू नये.