पट्ट्या नसलेली पेटी : पहिला सिंथेसायझर निवडताना

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू आहे अशी कल्पना करा. गाणारी मुले आहेत, तबला आहे, जुनी बाजाची पेटी आहे. कोणीतरी सुचवते, "यंदा सिंथेसायझर घेऊ या. बासरी, सतार, सनई, व्हायोलिन, सगळे एकाच डब्यातून निघेल!" वर्गणी जमते. रक्कम बेताचीच असते. दोन मुले आणि संगीताचे सर कोल्हापुरातल्या वाद्यांच्या दुकानात जातात. दुकानदार एक यंत्र पुढे ठेवतो आणि म्हणतो, "यात पाचशे आवाज आहेत." मग दुसरे ठेवतो, "यात हजार!" हजारवाले अर्थातच महाग असते. आता कोणते घ्यावे?

हा प्रश्न पैशाचा दिसतो, पण त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. ते नीट समजून घेतले, तर वर्गणीतला एकही रुपया वाया जाणार नाही.

डब्यात असते तरी काय?

पट्ट्या, ध्वनी तयार करणारे मंडळ आणि स्पीकर हे तिन्ही एकत्र असले, की त्याला आपण कीबोर्ड म्हणतो. त्यातून पट्ट्या आणि स्पीकर काढून टाकले, तर उरतो तो साउंड मॉड्यूल. हा नुसता डबा असतो. त्याला वेगळा कीबोर्ड किंवा संगणक जोडायचा आणि त्यातून निघणारा ध्वनी अ‍ॅम्प्लिफायरकडे न्यायचा. शाळेत जुना कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपक आधीच असतील, तर फक्त डबा घेणे स्वस्त पडू शकते.

नादाची तीन लक्षणे तुम्हाला ठाऊक आहेत: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. उच्चनीचता कंपनसंख्येवर अवलंबून असते. लहानमोठेपणा कंपनाच्या विस्तारावर ठरतो. पण सतार आणि बासरी यांचा एकाच पट्टीतला, सारख्याच मोठेपणाचा 'सा' आपण डोळे मिटूनही ओळखतो, तो नादाच्या जातीमुळे. प्रत्येक वाद्याच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटत असतात. त्यांचे प्रमाण वाद्यागणिक बदलते. शिवाय स्वर कसा उमटतो आणि कसा विरतो यातही फरक असतो. सतारीची तार छेडताच नाद एकदम उसळतो आणि हळूहळू मावळतो. बासरीचा नाद फुंक असेपर्यंत टिकतो.

सिंथेसायझर हेच सारे विजेच्या साहाय्याने घडवतो. आंदोलक कंपने निर्माण करतो, गाळणी नको ते उपस्वर कमी करते आणि तिसरे मंडळ नादाचा चढ-उतार ठरवते. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी खरे तर पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विद्युत वाद्यावर ती वाजवली होती. उपस्वरांचे प्रमाण जमले, की कानाला कसे फसवता येते त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आजच्या बहुतेक डब्यांत खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने साठवलेले असतात. सीडीच्या दर्जाचा एक सेकंदाचा, एकेरी ध्वनी साठवायचा तर ४४,१०० मोजमापे लागतात. प्रत्येक मोजमापाला २ बाइट, म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट झाले. आता विचार करा. स्मृतीची जागा ठरलेली असताना त्यात हजार आवाज कोंबले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येईल? मग एकच नमुना ताणून किंवा आखडून पुष्कळ पट्ट्यांवर वापरावा लागतो. म्हणून मोठा आकडा पाहून भुलू नका. बासरीचा आवाज निवडा आणि खालच्या पट्टीपासून वरपर्यंत एकेक स्वर वाजवत जा. मध्येच एखाद्या पट्टीवर बासरीची जात एकदम बदलली, तर तेथे एक नमुना संपून दुसरा सुरू झाला आहे असे समजा. चांगल्या यंत्रात हा सांधा सहज ऐकू येत नाही.

मिडी : यंत्रांची सामाईक बोली

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ मध्ये 'मिडी' ही सामाईक पद्धत आली. मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, फक्त निरोप जातो: कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली. असा एक निरोप तीन बाइटचा असतो आणि मूळच्या पाच टाचण्यांच्या जोडणीतून तो सुमारे एक सहस्रांश सेकंदात पोचतो.

१९९१ मध्ये 'जनरल मिडी' हा नियम ठरला. त्यात १२८ आवाजांची क्रमवार यादी आहे. १०५ व्या क्रमांकावर सतार आणि ११२ व्या क्रमांकावर चक्क शहनाई आहे! हा नियम पाळणाऱ्या यंत्रात एका वेळी निदान २४ नाद उमटले पाहिजेत. हा आकडा आवाजांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. नाद विरेपर्यंत तो यंत्राची एक जागा अडवून ठेवतो. काही भरदार आवाजांना प्रत्येक स्वरामागे दोन जागा लागतात. मग २४ चे १२ झाले! तिघांनी एकदम साथ धरली की आधीचे नाद मध्येच तुटू लागतात.

खरी परीक्षा गंधाराची

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर मिरज आहे. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी तेथे तंतुवाद्यांचा उद्योग उभारला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. असा एखादा तानपुरा जुळवून छेडला, की खर्जाच्या तारेतून कोणीही न वाजवलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो असतो खर्जाचा पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर.

हिशेबाला सोपे जावे म्हणून खर्जाची कंपनसंख्या १२० हर्ट्‌झ धरू. मग मध्य सप्तकातला सा २४० चा होईल. खर्जाचा पाचपट उपस्वर ६०० हर्ट्‌झचा, म्हणजे तार सप्तकातला गंधार. त्याच्या निम्म्यावर, ३०० हर्ट्‌झवर, मध्य सप्तकातला गंधार असतो.

पण पेटी आणि सिंथेसायझर यांचे सप्तक बारा सारख्या भागांत वाटलेले असते. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट असते. सा पासून चार पायऱ्या चढून गेलात, तर गंधार ३०२.४ हर्ट्‌झचा निघतो. त्याचा दुप्पट उपस्वर ६०४.८ आणि तानपुऱ्याचा गंधार ६००. जवळजवळच्या कंपनसंख्यांचे दोन नाद एकत्र आले, की आवाज लहानमोठा होत राहतो. याला विस्पंद म्हणतात. दर सेकंदाला जेवढा कंपनसंख्येतला फरक, तेवढे विस्पंद. येथे ते सेकंदाला जवळजवळ पाच होतात. पंचमाचे मात्र तसे नाही. यंत्राचा पंचम ३५९.६ आणि शुद्ध पंचम ३६०. तेथे अडीच सेकंदांत एखादाच विस्पंद येतो, म्हणून कान त्याकडे दुर्लक्ष करतो.

करून पाहा : दोन मोबाइलवर ध्वनी निर्माण करणारे मोफत अ‍ॅप घ्या. एकावर ३०० आणि दुसऱ्यावर ३०२ हर्ट्‌झचा नाद सारख्याच आवाजात लावा. दहा सेकंद मोजा. २० हेलकावे आले, तर तुमचे कान आणि गणित दोन्ही ठीक आहेत!

हा वाद आपल्या भागाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक लिहिले आणि पुढे श्रुती दाखवणारी खास पेटीही तयार करवण्यात आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये अंशतः उठली. स्वरस्थाने आणि मींड हाच आक्षेपाचा विषय होता. दुसऱ्या बाजूला कोल्हापूर परिसरातलेच गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी याच पेटीच्या वादनाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. वाद्य सदोष असले तरी जाणता हात त्यातून संगीत काढू शकतो. पण दोष कोठे आहे हे त्या हाताला ठाऊक असावे लागते.

पेटीच्या पट्टीखालचा सूर बदलायचा तर पात घासावी लागते. सिंथेसायझरमध्ये हे काम आकडा बदलून होते. यंत्राला 'स्केल ट्यूनिंग' ही सोय हवी. बारा पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी तीत वेगळी चढवता-उतरवता येते. दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर एका भागाला सेंट म्हणतात. गंधार १४ सेंट उतरवा, निषाद १२ सेंट उतरवा, पंचम २ सेंट चढवा. पुन्हा तानपुऱ्याबरोबर वाजवून पाहा. हेलकावे जवळजवळ नाहीसे होतील. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गाणारी मुलगी पांढरी एक सोडून काळी चारमध्ये गाऊ लागली, तर हे सगळे आकडे नव्या 'सा'पासून पुन्हा लावावे लागतात.

दुकानात जाताना

१. आधी खर्चाचा पूर्ण कागद करा. डबा, कीबोर्ड, मिडीची तार, अ‍ॅडॅप्टर, ध्वनीची तार, अ‍ॅम्प्लिफायर. पुष्कळदा डब्यावरच सारे पैसे संपतात आणि तारेवाचून तो कपाटात पडून राहतो.

२. जुना डबा घेत असाल, तर तो तुमच्या कीबोर्डला जोडता येतो का ते पाहा. जुन्यांना पाच टाचण्यांची जोडणी लागते, नव्या कीबोर्डला कित्येकदा फक्त यूएसबी असते.

३. आवाज पूर्ण वाढवून काहीही न वाजवता ऐका. घूं किंवा खरखर येत असेल तर विचार करा.

४. सतारीचा एक स्वर हळू आणि एक जोराने वाजवा. फक्त आवाज मोठा होतो की नादाची जातही बदलते? खऱ्या तारेत दोन्ही बदलतात.

५. एक पट्टी दाबून ठेवून सूर मींडेने सरकवून पाहा. तो गुळगुळीत सरकला पाहिजे, पायऱ्या ऐकू येता कामा नयेत.

६. अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्टचे आकडे आणि धन-ऋण टोकांची खूण डब्यावरच्या खुणेशी ताडून पाहा. एकदा मी प्लग नीट बसतो एवढे पाहून दुसऱ्याच यंत्राचा अ‍ॅडॅप्टर जोडला. धन-ऋण टोके उलटी होती. डबा पुन्हा कधी बोलला नाही.

७. तानपुरा बरोबर न्या, निदान मोबाइलवरचा तरी. गंधाराची परीक्षा दुकानातच घ्या.

पैसे न देता सुरुवात

खरेदीपूर्वी शाळेच्या संगणकावर महिनाभर सराव करता येईल. 'फ्लुइडसिंथ' ही मोफत प्रणाली संगणकालाच साउंड मॉड्यूल बनवते. 'सर्ज एक्सटी' ही दुसरी मोफत प्रणाली आंदोलक, गाळणी आणि चढ-उतार यांची मंडळे पडद्यावर मांडते आणि स्वरांची स्थाने बदलू देते. पट्टी दाबल्यावर संगणकाचा आवाज किंचित उशिरा येईल. ५१२ मोजमापांचा साठा करून संगणक ध्वनी सोडत असेल, तर ५१२ भागिले ४४,१००, म्हणजे सुमारे १२ सहस्रांश सेकंद उशीर होतो. एवढ्या वेळात हवेतून ध्वनी सुमारे ४ मीटर जातो. म्हणजे चार मीटरवर बसलेल्या साथीदाराचे वाद्य ऐकण्यासारखेच झाले. ते चालते. पण साठा चौपट केला तर ठेका चुकू लागेल.

महिनाभरात आपल्याला खरोखर कोणते दहा आवाज लागतात ते कळेल. मग दुकानात जा. दुकानदार म्हणेल, "यात हजार आवाज आहेत." तुम्ही नम्रपणे विचारा, "काका, यातला एक गंधार चौदा सेंट उतरवता येतो का?"