मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि मार्गदर्शकाची भेट



ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूच्या पुष्कळ घरांतून हल्ली मुले व मुली मानसशास्त्र हा विषय घेऊन पदवीचा अभ्यास करू लागली आहेत. या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयात एक सोय असते, आणि तिचा खरा उपयोग फार थोडे करून घेतात. ती म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांची भेट. त्यांना आता सर्रास ‘मेंटॉर’ म्हणतात. विद्यार्थी जातो, ‘सर, पुढे काय करू?’ असे विचारतो, आणि ‘मन लावून अभ्यास कर’ हे उत्तर घेऊन परत येतो. यात दोष प्राध्यापकांचा नव्हे. मोघम प्रश्नास मोघम उत्तरच मिळावयाचे. मी स्वतः मॅट्रिक झालेला मास्तर. महाविद्यालयाच्या बाकावर बसण्याचा योग मला आला नाही. परंतु मुलांना प्रश्न विचारावयास शिकविणे हाच माझा जन्माचा व्यवसाय होता, म्हणून तेवढ्यापुरते बोलण्याचे धाडस करतो.

ही तयारी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास इतरांहून अधिक का लागते, हे आधी पाहू. इतिहासाचा पदवीधर आपणांस इतिहासाचा अभ्यासक म्हणवू लागला, तर कोणाचे काही बिघडत नाही. येथे मात्र पुढे दुःखी माणसाशी गाठ असते, आणि म्हणून कायदा मध्ये येतो. घरोघरी दोन व्यवसायांची गल्लत होते. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीची पदवी घेऊन झालेला डॉक्टर असतो. मानसशास्त्राची कला शाखेतील पदवी कितीही वाढविली तरी त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही. दुसरा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यास ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणतात तो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याची व्याख्या केली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण त्यास लागते, नुसती एम. ए. पदवी पुरत नाही. ठाण्यात तर १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापिलेली ‘आय. पी. एच.’ ही संस्थाही आहे. अशा ठिकाणी कोण कोणते काम करतो व तो कोणत्या शिक्षणाने तेथवर आला, एवढे जरी मुलाने आधी समजून घेतले, तरी त्याचा निम्मा संभ्रम दूर होईल.

कर्जतची आणि कसाऱ्याची गाडी कल्याणपर्यंत एकाच मार्गाने धावते. डब्यात बसलेल्यास भेद कळत नाही. कल्याण सुटल्यावर मात्र चूक ध्यानात येऊन उपयोग नसतो. पदवीची पहिली दोन वर्षे अशीच असतात. शाळेतील समुपदेशक, कारखान्यातील मनुष्यबळ-अधिकारी, संशोधक, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, सारे एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले असतात. तेव्हा आपले कल्याण कोठे येते, हे मार्गदर्शकास विचारावयाचे.

एक उदाहरण घेतो. डोंबिवलीची एखादी मुलगी विचार करते, रोज मुंबईपर्यंत गर्दीत लोंबकळत जाण्यापेक्षा पदवीनंतर नोकरी धरू आणि एम. ए. घरबसल्या दूरस्थ पद्धतीने करू. विचार व्यवहारी आहे. मलाही त्यात गैर वाटले नसते. परंतु आरोग्यसेवेशी संलग्न अशा अभ्यासक्रमांत मानसशास्त्राची गणना होऊन, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ते दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. हे पदवी हाती आल्यावर कळले तर दोन वर्षांचा बेत कोसळतो. दुसऱ्या वर्षी कळले तर आताच दुसरी तजवीज करता येते. एम. फिल.चेही तसेच. ही पदवी बंद करण्याचे आयोगाने २०२२ मध्ये ठरविले, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रापुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढविली. म्हणून थोरल्या बहिणीने वा शेजारच्या दादाने ज्या वाटेने मजल मारली, ती वाट आज तशीच उघडी असेल असे गृहीत धरू नये. त्या त्या वर्षीचे पत्रकच पाहावे.

नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांचा हिशेब आणला आहे. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० ते १७६ श्रेयांक लागतात. चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा घ्यावयाची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष आहे काय, नसल्यास कोठे जावे, हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर विचारावयाचा नव्हे.

आणि संख्याशास्त्र! मानसशास्त्र म्हणजे मनातले ओळखणे अशा समजुतीने आलेली मुले या विषयापाशी अडखळतात. १८७९ मध्ये वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून मोजमाप हा या शास्त्राचा कणा झाला आहे. गणिताची भीती असेल तर ती मार्गदर्शकापुढे स्पष्ट बोलून दाखवावी. लाजून गौण विषय भलताच निवडू नये.

भेटीस जाताना आतापर्यंतच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, श्रेयांकांची बेरीज आणि एका कागदावर लिहिलेले तीन-चार प्रश्न जवळ असावेत. तो कागद रात्री घरीच लिहावा. दाराबाहेर उभे राहून सुचलेला प्रश्न बहुधा दुसऱ्याचा असतो. ‘मला लहान मुलांबरोबर काम करावयाचे आहे, त्यासाठी कोणता गौण विषय घ्यावा, आणि उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्यक्ष काम कोठे पाहावयास मिळेल?’ असा प्रश्न असला की प्राध्यापकांनाही हुरूप येतो.

आता एक नाजूक गोष्ट. स्वतःच्या मनातील व्यथेचा उलगडा व्हावा म्हणून या विषयाकडे वळणारी मुले असतात. त्यात लाजिरवाणे काही नाही. परंतु अभ्यासाचा मार्गदर्शक हा उपचारक नव्हे. त्याच्या पंधरा मिनिटांत त्या व्यथेचा निचरा होणार नाही आणि अभ्यासाचे प्रश्नही राहून जातील. त्यास एवढे सांगावे की, सध्या मन ठीक नाही, अभ्यासाचा भार कमी करता येईल काय? उपचारासाठी योग्य माणूस वेगळा शोधावा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते.

पालकांनी या भेटीस बरोबर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाप शेजारी बसला की मुलगा बापाच्या इच्छा सांगू लागतो. खर्चाची मर्यादा मात्र आदल्या दिवशी घरात मोकळेपणाने सांगून टाकावी. ती ठाऊक नसेल तर प्राध्यापकांचा सल्ला चांगला असूनही घरात टिकत नाही. परतल्यावर मुलाला ‘काय म्हणाले?’ असे लगेच विचारू नये. त्याला आधी जेवू द्यावे, कागदावर उत्तरे लिहू द्यावीत. आणि पुढल्या भेटीची तारीख ठरविली आहे काय, तेवढे मात्र विचारावे.