उजव्या तीराची वही

दिवाळी उलटली की माझा फोन वाजू लागतो. "काका, पुढच्या उन्हाळ्यात युरोपात सायकल चालवायची म्हणतोय. कुठलं पुस्तक घेऊ?" मी उलट दोनच प्रश्न विचारतो. रजा किती दिवसांची? आणि सिंहगडाचा घाट पाय न टेकता चढता का? उत्तरं ऐकून पुस्तक ठरतं. दहातल्या आठांना एकच पुस्तक लागू पडतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. बाकीचं वाटेत येईल तसं.

सायकलवाल्याच्या पुस्तकाकडून अपेक्षा अगदी किराणा यादीसारख्या असतात. पुढचा चढ कुठे, पाणी कुठे, रात्री पाठ कुठे टेकायची, वारा कोणत्या बाजूचा. चर्च कोणत्या शतकातलं आणि त्याच्या खिडक्या कोणी रंगवल्या, हे सांगणारी पुस्तकं गाडीतून उतरणाऱ्यांसाठी. ही समज आजची नाही. हॅरी इंग्लिस नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कंटूर रोड बुक’ काढली, त्यांत रस्ता वरून न दाखवता कुशीवरून दाखवला होता: कुठे उठतो, कुठे बसतो. फ्रान्सच्या पिवळ्या मिशेलिन नकाशांवर रस्त्याला बाण असतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याच्याही वर. आणि बाणाचं टोक चढाकडे. टोक उताराकडे असतं अशा समजुतीने मी एकदा तीन बाणांचा रस्ता धरला होता. सायकल ढकलत वर पोचलो आणि तिथे बसून नकाशाची सूची पहिल्यांदा नीट वाचली.

आता ते पुस्तक. ऑस्ट्रियातल्या एस्टरबाउअर प्रकाशनाची ‘बाइकलाइन’ मालिका, त्यातला डॅन्यूबचा पासाऊ ते व्हिएन्ना हा भाग. आडवी, तारेच्या स्पायरलची वही. हँडलबार बॅगेच्या वरच्या पारदर्शक खिशात बरोब्बर बसते, पान उलटायला सायकलवरून उतरावं लागतं तेवढंच. अखंड रेघ म्हणजे डांबरी, तुटक रेघ म्हणजे कच्चा रस्ता. माझी प्रत २००३ सालची. तारेचे दोन वेढे तुटलेत, वाखाऊ खोऱ्याच्या पानावर जर्दाळूच्या रसाचा डाग आहे, आणि समासात शिसपेन्सिलीने लिहिलं आहे: ‘रविवारी दुकानं बंद. शनिवारी ब्रेड घे.’ हे वाक्य उपाशीपोटी शिकलेलं आहे. वही जर्मन असली तरी घाबरू नये, चार शब्द पाठ केले की भागतं. ‘फेरे’ म्हणजे पलीकडे नेणारी नाव, ‘श्टायगुंग’ म्हणजे चढ, ‘उमलायटुंग’ म्हणजे वळवलेला रस्ता आणि ‘रूहेटाग’ म्हणजे खानावळीचा सुट्टीचा दिवस. चौथा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा.

पहिल्या परदेशवारीला डॅन्यूबच का? पासाऊ ते व्हिएन्ना सुमारे ३२० किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात नदी जेमतेम दीडशे मीटर उतरते. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. लिंझ, मेल्क, क्रेम्स, टुल्न या सगळ्या ठिकाणी रेल्वे स्टेशन, त्यामुळे पाऊस कोसळला किंवा गुडघा रुसला तर गाडीने पुढे. आणि जवळजवळ सगळीकडे दोन्ही काठांनी वाट.

इथेच भांडण सुरू होतं. ज्याला वाखाऊ म्हणतात, त्या मेल्क ते क्रेम्स या खोऱ्यात सगळी मंडळी डाव्या तीराने जातात, कारण श्पिट्झ, वाइसेनकिर्शेन, ड्युर्नश्टाइन ही फोटोंतली गावं त्या काठावर. मी गेली वीस वर्षं उजव्या तीराचा प्रचार करतो आहे. उजव्या काठाला आर्न्सडॉर्फ आणि रोसाट्झची छोटी गावं, जर्दाळूच्या बागा, तुरळक मोटारी. आणि ड्युर्नश्टाइनचा निळा मनोरा पाहायचा तर तो समोरच्या काठावरूनच दिसतो ना! गावात उभं राहून गाव दिसत नाही. आमचे एक ज्येष्ठ सायकलपटू दर भाषणात डावा तीर सांगतात आणि ऐकणारे माना डोलवतात. त्यांनी उजवा तीर पाहिलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. (उजवा म्हणजे नदी वाहते तिकडे तोंड केल्यावर उजव्या हाताचा. नर्मदा परिक्रमेची सवय असलेल्या माझ्या एका मावसभावाला हे दोनदा सांगावं लागलं होतं.)

मात्र उजव्या तीराचा मी असा भक्त झालो तो डाव्या तीरावर फसल्यामुळे, हेही कबूल करतो. वाखाऊच्या बऱ्याच आधी, श्लोगेनपाशी नदी जंगलातून पूर्ण वळसा घेते, आणि तिथे डाव्या काठाची वाट औ नावाच्या वस्तीशी संपते. पुढे जायला नाव. वहीत नावेचं चित्र होतं, खाली बारीक अक्षरात महिनेही होते. मी चित्र पाहिलं, महिने पाहिले नाहीत. एप्रिलचा पहिला आठवडा, धक्क्यावर साखळी लावलेली, पलीकडे श्लोगेन अगदी हाकेच्या अंतरावर. अर्धा तास बसून राहिलो. मग मागे फिरून निडररान्नाचा पूल गाठला आणि उजव्या काठाला लागलो.

बाकीच्या जगाबद्दल थोडक्यात. इंग्रजीत हवं असेल तर सिसरोनी प्रकाशनाचे डॅन्यूबचे दोन भाग आहेत, भरवशाचे, पण मजकूर जास्त. ऱ्हाइनलाही असंच उत्तम साहित्य मिळतं. अमेरिकेत १९७६च्या ‘बाइकसेंटेनियल’ या सायकलयात्रेतून जन्मलेल्या संस्थेचे नकाशे आहेत, अंतरं मात्र अमेरिकन, महिनोन्‌महिने रजा असलेल्यांनी पाहावं. नेदरलँड्सला पुस्तकच नको. तिथे चौकाचौकात क्रमांक असतात. २३, ४७, १२ असं चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवायचं आणि निघायचं. ही कल्पना शेजारच्या बेल्जियमच्या लिंबुर्गमधली, १९९५ सालची, ह्यूगो बोलेन या खाणअभियंत्याच्या डोक्यातली.

"पुस्तक कशाला? मुंबईचे पारशी तरुण कुठली पुस्तकं घेऊन गेले होते?" असं मला दरवर्षी कुणीतरी ऐकवतं. अडी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२३ला मुंबईहून सायकलवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ला परतले. त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण त्यांच्याकडे साडेचार वर्षं होती, तुमच्याकडे अठरा दिवसांची रजा आहे आणि त्यातले दोन विमानात जाणार.

शिवाय शेंगेन व्हिसाला रोजचा मुक्काम लिहून द्यावा लागतो. एका खिडकीवर मला विचारलं होतं, "इतकं कमी अंतर? ट्रेन चुकली तर?" सायकलने जाणार म्हटल्यावर बाईंनी कागद पुन्हा वरून वाचला. तरीही मुक्कामांचा तक्ता सैलच करावा. दिवसाला ५० किलोमीटर, चौथा दिवस कोरा, शक्यतो प्रत्येक मुक्काम स्टेशनाजवळ. दिवसाला १२० किलोमीटरचे तक्ते करून देणारे सल्लागार हल्ली पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या तक्त्यावर गेलेली मुलं परत येऊन मला फक्त सरासरी वेग सांगतात.

आणि आता तर तक्ताही नाही, फोनमध्ये कुणाचा तरी आयता मार्ग. रेघ निळी, माणूस तिच्यामागे. औच्या धक्क्यावर नाव बंद असेल तर ती रेघ पाण्यातून पलीकडे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लोनली प्लॅनेटच्या सायकलवरच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या दुकानात दिसेनाशा झाल्या. पूर्वी दुकानात जमिनीवर बसून नकाशे उलगडता यायचे, आता मालक विचारतो, "ऑनलाइन बघितलंत का?"

माझ्याकडे अकरा वह्या आहेत. उसन्या देतो. परत करताना समासात शिसपेन्सिलीने निदान तीन नोंदी केलेल्या असाव्यात, एवढीच अट. डॅन्यूबची सध्या बाहेर गेलेली आहे. मार्च उजाडला तरी आलेली नाही, नेणाऱ्याने हा लेख वाचला तर कळवावं.