एका तारेवरचा गंधार

१९८२ साली इंग्लंडात जन्मलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या उदरात नाण्याएवढा एक कर्णा असतो, आणि वीज आहे किंवा नाही, याखेरीज तिसरी वार्ता त्याला कधी पोचत नाही. लहानमोठा आवाज नाही, साथीला दुसरा सूर नाही. त्याचा पडदा पुढेमागे होतो, आणि ही ये-जा सेकंदाला सुमारे २६२ वेळा झाली म्हणजे आपली पांढरी एक बोलू लागते. या यंत्राची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती १९८६ मध्ये ‘डेसिबेल्स’ने परवान्याने भारतात आणली, तशा एका यंत्राशी मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत.

‘बीप १, ०’ असा हुकूम दिला की सेकंदभर पांढरी एक वाजते, आणि दुसरा अंक एकाने वाढवला की सूर अर्धस्वराने चढतो. या हिशेबाने शुद्ध गंधार चारवर मुक्रर व्हावा. पण शेजारी तानपुरा छेडला असता खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापुढे तो किंचित चढाच ठरे. (हार्मोनियमची खोड हीच, पण तिच्याशी वाद घालता येत नाही.) या यंत्राला मात्र अपूर्णांक चालतो. मी ३.८६ लिहिले, आणि दोन्ही गंधार एकमेकांत मिसळले.

आवाज टिपण्याचे काम याहून बिकट. टेपवरचे प्रोग्रॅम आत घेण्यासाठी जे ‘इअर’ नावाचे छिद्र असते, त्यातूनच कॅसेटवर गायिलेला माझा गंधार मी आत सोडला. आणि बेसिक भाषेची चाल येथे अगदीच मंद पडत असल्यामुळे, सेकंदाला ३५ लाख ठोके घेणाऱ्या झेड-८० प्रोसेसरने दर ३५० ठोक्यांनी एकदा दाराशी डोकावून ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच नोंद दप्तरी करावी, अशी तजवीज यंत्रभाषेत केली. ही चाकरी चालू असता त्याने इतरत्र लक्ष घालावयाचे नाही: कळफलक पाहण्यासाठी सेकंदाला पन्नासदा येणारे बोलावणेसुद्धा ‘डीआय’ या आज्ञेने थोपवावे लागते. शिवाय ३२७६८ या पत्त्याखालच्या मुलखात पडद्यावरचे चित्र काढणारी चिप आपला हक्क आधी बजावते आणि प्रोसेसरला तिष्ठत ठेवते. पहिल्या खेपेस मी प्रोग्रॅम नेमका तेथेच वसवला होता. परत ऐकताना गंधार थरथरू लागला, आणि तो दोष मी कितीतरी वेळ माझ्या गळ्याच्या पदरी घातला.

मुक्काम वर हलवल्यावर थरथर ओसरली. गळ्याची गोलाई अर्थातच गेली होती, आणि स्वर विरत नसे. शेवटपर्यंत तेवढ्याच जोराने वाजून तो एकदम तुटे. तरीही तो जागेवर होता, आणि ‘ग’ हा उच्चारही ओळखू येत होता. लहरीने शून्यरेषा केव्हा ओलांडली एवढेच जपले तरी बोलणे कळते, हे लिक्लायडर आणि पोलॅक यांनी १९४८ मध्येच दाखवले होते.

आठ नोंदींचा एक बाइट, याप्रमाणे साडेबत्तीस हजार बाइटांत सव्वीस सेकंदांचे गाणे मावले. ते जपून ठेवण्यासाठी मी त्याच कॅसेटची दुसरी बाजू लावली, आणि यंत्र आपल्या कर्कश संकेतभाषेत जवळजवळ तीन मिनिटे ते टेपवर उतरवीत राहिले.